नंबर लागेल का?

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जून महिना उजाडला की धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगावच्या पारावर, एस.टी. स्थानकावर आणि बी-बियाण्याच्या दुकानापुढल्या बाकावर एक प्रश्न हटकून ऐकू येतो : ‘नंबर लागेल का?’ वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचा, म्हणजे ‘नीट’चा निकाल लागलेला असतो. बापाच्या हातात गुणपत्रिकेची छापील प्रत असते, आणि चार अक्षरे अधिक शिकलेला कोणीही समोर दिसला की ती त्याच्यापुढे धरली जाते. पक्षाच्या कार्यकर्त्यापुढेही ती धरली जाते. सातबारा, रेशनकार्ड, पीकविमा यांविषयीची उत्तरे कार्यकर्त्याजवळ तयार असतात. या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा नसते. ‘होईल काहीतरी’ असे म्हणून तो वेळ मारून नेतो, किंवा शहरातल्या एखाद्या मार्गदर्शन केंद्राचा पत्ता देतो. तेथे फी मोजली की बापाला एक आकडा मिळतो : चान्स इतके टक्के.

हा आकडा कोठून येतो, तो कितपत खरा असतो आणि त्यात काय दिसत नाही, याचा विचार करणे हा या विवेचनाचा हेतू आहे. चुरशीच्या शिक्षणसंस्थेत एखाद्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळण्याचा संभव किती, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. मुळात तो सत्तेच्या वाटपाचा आहे. परंतु एवढे सांगून कार्यकर्त्याची सुटका होत नाही. समोर उभ्या असलेल्या बापाला आधी हिशेब हवा असतो, आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे. म्हणून प्रारंभ हिशेबापासूनच केला पाहिजे.

हिशेब

2025 साली ‘नीट’ला देशभरातून सुमारे 22 लाख 9 हजार विद्यार्थी बसले. त्यांपैकी सुमारे 12 लाख 36 हजार ‘पात्र’ ठरले. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी महाविद्यालयांतील होत्या. याचा अर्थ असा की, परीक्षेला बसलेल्या सतरा-अठरा जणांमागे एक जागा आणि पस्तीस जणांमागे एक सरकारी जागा. ‘पात्र’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. पात्र ठरलेल्या दहांतील नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळत नाही. गावात पेढे वाटले जातात, फलक लागतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच घरात शुकशुकाट होतो, त्याचे कारण या एका शब्दात आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. एकूण गुण 720, प्रश्न 180, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलेल्या उत्तराला 1 गुण वजा. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी अमुक गुणांवर जागा मिळाली, तेव्हा याही वर्षी मिळेल, अशी गावातली समजूत असते. ती चुकीची आहे. 2024 साली सुधारित निकालानंतरही 17 विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 गुण होते आणि खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा 162 वर होती. 2025 साली प्रश्नपत्रिका कठीण निघाली. देशातील सर्वोच्च गुण 686 झाले आणि तीच रेषा 144 वर आली. गुण दरवर्षी वरखाली होतात. त्यांवरून अंदाज बांधणे हे दुष्काळी वर्षाच्या उताऱ्यावरून सुकाळाचा उतारा ठरवण्यासारखे आहे. पाहावयाचा असतो तो क्रमांक, आणि त्यातही अखिल भारतीय क्रमांकापेक्षा राज्याच्या गुणवत्ता यादीतील क्रमांक.

तिसरी गोष्ट दारांची. सरकारी महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, 85 टक्के राज्याच्या यादीतून. दोन्हींची नोंदणी वेगळी, फेऱ्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. पहिल्या दाराशी अर्जच केला नाही म्हणून तेथली संधी गमावलेले विद्यार्थी खेड्यापाड्यांत आढळतात. चौथी गोष्ट कागदांची. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांपैकी एक कागद वेळेत हाती नसेल, तर राखीव जागेचा हक्क असलेला विद्यार्थी खुल्या यादीत फेकला जातो आणि त्याचा संभव एका दिवसात बदलतो. पाचवी गोष्ट पसंतीक्रमाची. महाविद्यालयांचा क्रम कसा लावावा, मिळालेली जागा केव्हा धरून ठेवावी आणि केव्हा पुढच्या फेरीस जावे, हे ज्याला कळते त्याच्या हाती त्याच गुणांत अधिक चांगली जागा पडते.

या पाच गोष्टी ध्यानात घेतल्या की अंदाज बांधणे अवघड राहत नाही. मागील वर्षी कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत, कोणत्या महाविद्यालयाची शेवटची जागा कितव्या क्रमांकावर भरली, याच्या याद्या राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष प्रसिद्ध करीत असतो. त्या कोणालाही पाहता येतात. मार्गदर्शन केंद्रात जो आकडा विकत मिळतो, त्याचा मुख्य आधार याच याद्या असतात. त्यांवरून प्रामाणिकपणे तीनच उत्तरे देता येतात. क्रमांक गतवर्षीच्या शेवटच्या क्रमांकाच्या पुष्कळ आत असेल, तर ‘बहुधा लागेल’. आसपास असेल, तर ‘सांगता येत नाही, पसंतीक्रम काळजीपूर्वक भरा’. फार दूर असेल, तर ‘नाही लागणार’. त्याहून अधिक नेमका टक्का जो सांगतो, तो ज्ञान विकत नाही, आशा विकतो.

आकड्यात न दिसणारे

आता दोन विद्यार्थी कल्पावेत. दोघांचा प्रवर्ग एक, दोघांचे गुण सारखे. एक मुलगा मोठ्या शहरातला : बापाची बदली नसलेली नोकरी, दहावीपासून क्लास, परीक्षेचा दुसरा प्रयत्न. दुसरी मुलगी परंडा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची : जिल्हा परिषदेच्या शाळेतून अनुदानित विद्यालयात आणि तेथून कनिष्ठ महाविद्यालयात गेलेली, पहिलाच प्रयत्न. दहावीपर्यंत तिने विज्ञान मराठीतून शिकले. अकरावीत ते एकाएकी इंग्रजीतून समोर आले. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका 2017 पासून मराठीतही मिळते हे खरे, पण अकरावी-बारावीचे विज्ञान आणि क्लासच्या टिपणांचे गठ्ठे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतात.

यादी या दोघांना शेजारी-शेजारी बसवील आणि दोघांचा चान्स सारखाच दाखवील. प्रत्यक्षात तो सारखा नाही. सरकारी जागा हुकली, तर मुलाचा बाप खाजगी महाविद्यालयाचा दरसालचा लाखांतला खर्च उचलू शकतो. तोही मार्ग नको असेल, तर मुलगा आणखी एक वर्ष ‘रिपीट’ करू शकतो. परीक्षा किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. म्हणजे त्याच्याजवळ अनेक संधी आहेत. मुलीजवळ एक आहे. ती हुकली की घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. सारख्या गुणांमागे सारखी संधी असते, हा समज येथेच कोसळतो. संभव गुणपत्रिकेवर जितका ठरतो, तितकाच घराच्या तग धरण्याच्या ताकदीवर ठरतो.

महाराष्ट्र शासनाने 8 जुलै 2024 रोजी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय स्वागतार्हच होता. परंतु वसतिगृह, मेस, पुस्तके आणि अनामत यांचा खर्च उरतोच, आणि शुल्कमाफी मिळते ती जागा मिळाल्यानंतर. जागेपर्यंत पोहोचण्यासाठी लागणाऱ्या दोन वर्षांचा खर्च त्यात कोठेच नाही. धाराशिवहून लातूरला मूल ठेवावयाचे, तर खोलीभाडे, डबा आणि क्लासची फी यांसाठी सोयाबीनची पट्टी पुरत नाही. सावकाराचे घर गाठावे लागते किंवा जमिनीचा तुकडा विकावा लागतो. कळंब, भूम, वाशी या भागांतील ऊसतोड कुटुंबांत तर दिवाळीनंतर घरच कारखान्याकडे जाते. त्या घरातल्या मुलाचा नंबर कितवा, हा प्रश्न यादीपर्यंत येतच नाही.

आणि ही परीक्षा तरी सर्वांना सारखी होती काय? 2024 साली पेपर फुटला. पाटणा आणि हजारीबाग येथे तो फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर निर्विवाद झाले. फेरपरीक्षेची मागणी न्यायालयाने 23 जुलै 2024 रोजी फेटाळली. तपासाचे धागे लातूरपर्यंत आले होते. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्यांच्यात लातूर-धाराशिवचीही हजारो मुले होती, हे त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही.

प्रवेश हा जुना राजकीय प्रश्न आहे

या जिल्ह्याला प्रवेशाचा प्रश्न नवा नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. 1918 साली निघालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी शेतकऱ्याच्या मुलाला त्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. त्याला उत्तर म्हणून याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे 1921 साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे मुख्याध्यापक म्हणून काम केले. शिक्षण हे मुक्तिलढ्याचे अंग होते. 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपले दार उघडले. एका विद्यापीठाने नाकारले आणि दुसऱ्याने घेतले, यांत त्या मुलांची बुद्धी बदलली नव्हती. दार राखणाऱ्याचे धोरण बदलले होते.

1953 च्या नागपूर कराराने मराठवाड्याला जी आश्वासने दिली, त्यांत तांत्रिक शिक्षणाच्या प्रवेशांतील न्याय्य वाट्याचे आश्वासन होते. 1956 साली घटनेच्या 371 व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींसाठी न्याय्य व्यवस्था करण्याची तरतूद आली. म्हणजे मराठवाड्याच्या मुलाचा ‘नंबर’ हा घटनेने दखल घेतलेला विषय आहे. प्रत्यक्षात काय झाले? औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 साली निघाले, अंबाजोगाईला 1974 साली, नांदेडला 1988 साली, लातूरला 2002 साली. धाराशिवला ते 2022 साली, 100 जागांनिशी सुरू झाले. औरंगाबाद ते धाराशिव हे अंतर शासनाला कापावयास 66 वर्षे लागली. मधल्या काळात 1974 चे विद्यार्थ्यांचे विकास आंदोलन झाले, 1984 साली दांडेकर समितीने अनुशेषाचा हिशेब मांडला, 1994 साली वैधानिक विकास मंडळ आले आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली.

याच काळात जिल्हाही बदलला. 1982 साली लातूर वेगळा झाला. पुढे लातूर हे परीक्षांच्या तयारीचे राज्यभर नावाजलेले केंद्र बनले. उरलेला उस्मानाबाद जिल्हा 2018 साली निती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्या यादीत चारच नावे होती : नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद. 2023 साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले; स्थान तेच राहिले.

सत्तर-तीसचा धडा

वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीसच्या सूत्राचा इतिहास कार्यकर्त्यांनी नीट अभ्यासला पाहिजे, कारण त्यात पुरोगामी चळवळीलाही धडा आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग करून प्रत्येक विभागातील 70 टक्के जागा त्याच विभागातून बारावी झालेल्यांना आणि 30 टक्के जागा राज्यातील सर्वांना, असे ते सूत्र होते. हेतू मागास विभागाच्या संरक्षणाचा होता. परंतु मराठवाड्यात मुळात महाविद्यालयेच थोडी होती. थोड्या जागांतला सत्तर टक्के वाटा म्हणजे थोडाच वाटा. आणि जेथे महाविद्यालये अधिक, त्या उर्वरित महाराष्ट्रात मराठवाड्याच्या मुलाला केवळ तीस टक्क्यांत झगडावयाचे. परिणाम असा झाला की अधिक गुण असूनही मराठवाड्याचा विद्यार्थी बाहेर राही. ज्या कुंपणाने शेत राखावयाचे, त्याच कुंपणात शेतकरी कोंडला गेला. ते सूत्र रद्द करण्याची मागणी मराठवाड्यातूनच उठली आणि 8 सप्टेंबर 2020 रोजी शासनाने ते रद्द केल्याची घोषणा केली.

अन्याय दूर झाला, हे मान्यच केले पाहिजे. पण कोणावरचा? मराठवाड्याचे वाढलेले गुण हे साऱ्या मराठवाड्याचे नव्हते. त्यांत क्लासपर्यंत पोहोचू शकणाऱ्या मराठवाड्याचा वाटा मोठा होता. एका राज्यव्यापी यादीत लातूरच्या नामांकित महाविद्यालयातला विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याशी टक्कर देऊ शकतो. लोहारा, भूम, परंडा येथील कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी कोणाशी टक्कर देणार? पूर्वी त्याला विभागाच्या नावाने चुकीचे संरक्षण होते; आता कोणतेच नाही. ‘विभाग’ हे मागासलेपण मोजण्याचे माप फार मोठे होते, म्हणून ते फसले. त्यावरून माप लहान करा असा निष्कर्ष काढावयाचा, की मापच फेकून द्या असा, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

डॉ. लोहियांनी समान संधीऐवजी विशेष संधीचा सिद्धान्त मांडला तो याच कारणाने. शतकानुशतके मागे ठेवलेल्यांना एका रेषेवर उभे करून ‘पळा’ म्हणणे ही समता नव्हे, तर विषमतेला दिलेले प्रमाणपत्र होय, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. तो सिद्धान्त नुसता भाषणापुरता नाही, हे दाखवणारे प्रयोग झालेले आहेत.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने आपल्या प्रवेशपद्धतीत मागास जिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना अधिक गुण देण्याची व्यवस्था केली होती. 1983 च्या आंदोलनानंतर ती मोडली गेली, 1990 च्या दशकात विद्यार्थी चळवळीच्या रेट्याने परत आली आणि 2017 साली संशोधनाच्या प्रवेशांतून पुन्हा काढली गेली. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1997 साली कायदा केला की, राज्यातील प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्क्यांतील विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळेल. मग ती शाळा श्रीमंत वस्तीतली असो की गरीब गावातली. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात वंश विचारात घेऊन प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. चुरशीच्या विद्यापीठाचे दार कोणासाठी किती उघडावे, हा झगडा जगभर चालू आहे, आणि कोठेही तो निव्वळ गुणांच्या बेरजेने सुटलेला नाही.

सर्वांत जवळचा धडा तमिळनाडूचा. ‘नीट’ सक्तीची झाल्यावर तेथील सरकारी शाळांतून वैद्यकीय शिक्षणास जाणाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. 2020 साली त्या राज्याने कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. पहिल्याच वर्षी तीनशेहून अधिक एमबीबीएसच्या जागा अशा मुलांसाठी उपलब्ध झाल्या. 2022 साली मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. परीक्षा तीच, पात्रता तीच. केवळ संधीची वाटणी बदलली.

महाराष्ट्राने हा कायदा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. येथे खेड्यातले माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने अनुदानित खाजगी संस्थांच्या हाती आहे. केवळ ‘सरकारी शाळा’ अशी अट घातली तर धाराशिवच्या बहुसंख्य गरीब मुलांना तिचा लाभ मिळणार नाही. म्हणून जिल्हा परिषद, आश्रमशाळा आणि ग्रामीण अनुदानित शाळा यांतून दहावी आणि त्याच तालुक्यातून बारावी झालेल्यांसाठी, सामाजिक आरक्षणास धक्का न लावता प्रत्येक प्रवर्गाच्या आतच विशेष वाटा ठेवावा, अशी मागणी पक्षाने केली पाहिजे. ‘आकांक्षित’ हे विशेषण कागदावर देणाऱ्या शासनाला त्याचा अर्थ प्रवेशाच्या नियमांतही विचारला पाहिजे.

गुणवत्तेचा आक्षेप

यावर ‘मग गुणवत्तेचे काय?’ असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक असेल, तर त्याला उत्तर आहे. खाजगी महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास 2005 च्या इनामदार खटल्याच्या निकालाने मुभा दिली. या आणि व्यवस्थापनाच्या जागा पैशाच्या बळावर पुष्कळ खालच्या क्रमांकांपर्यंत भरल्या जातात. तेथे गुणवत्ता ढासळल्याची ओरड ऐकू येत नाही. 1983 साली महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मोकळीक मिळाली, आणि चारच वर्षांत, 1987 साली, देणगीबंदीचा कायदा करण्याची वेळ आली. गुणवत्तेच्या कैवाऱ्यांनी त्या बाजारालाही सहन केले. पैशाने विकत घेतलेली सवलत ‘सोय’ ठरते आणि कायद्याने दिलेली सवलत ‘अन्याय’ ठरते, यातच आक्षेपाचे वर्गचरित्र उघड होते.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. जागा थोड्या राहिल्या की दारिद्र्यात असलेले लोक एकमेकांच्या दाखल्यांकडे संशयाने पाहू लागतात. 2024 साली मराठा समाजासाठी दहा टक्क्यांचा कायदा झाला. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी नोंदींविषयी शासन निर्णय निघाला. त्यानंतर मराठवाड्यातील गावांत कोणत्या शंका उत्पन्न झाल्या, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणाचा दाखला खरा, कोणाचा खोटा यावर एकाच बांधावरचे दोन शेतकरी भांडतात, आणि जागाच इतक्या थोड्या का, हे विचारावयाचे राहून जाते. कार्यकर्त्याने हा प्रश्न त्या बांधावर उभे राहून विचारला पाहिजे. ज्याचा हक्क त्याला मिळालाच पाहिजे. पण ताट वाढवल्याशिवाय घासावरचे भांडण मिटत नाही.

कार्यकर्त्याचे काम

मागण्या सांगून भाषण संपवणे सोपे असते. परंतु पुढचा जून महिना कायदा होण्याची वाट पाहणार नाही. म्हणून जे काम उद्यापासून करता येण्यासारखे आहे, ते सांगितले पाहिजे.

पहिले : आठही तालुक्यांच्या ठिकाणी निकालाच्या दिवसापासून शेवटच्या फेरीपर्यंत विनामूल्य प्रवेश साहाय्य केंद्र चालवावे. त्यासाठी इमारत लागत नाही. एक टेबल, एक संगणक, मागील दोन-तीन वर्षांच्या याद्या आणि त्या वाचावयास शिकलेले दोन तरुण पुरेत. 1993 च्या भूकंपानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले, ते समाजवादी कार्यकर्त्यांच्याच श्रमांतून. त्या मानाने हे काम लहान आहे.

दुसरे : कागदांची मोहीम अकरावीतच हाती घ्यावी. जात वैधता आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी जुलै महिन्यात धावपळ करणे म्हणजे पाऊस पडू लागल्यावर घर शाकारणे होय.

तिसरे : वैद्यकीय हेच एक दार आहे, ही समजूत मोडावी. याच जिल्ह्यात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे. देशभरातील विद्यार्थी चुरशीने तेथे येतात. त्या दारावरून दररोज एस.टी.ने जाणाऱ्या किती घरांना आपल्या मुलाने तेथे अर्ज करावयाचा असतो हे माहीत आहे? 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सामायिक परीक्षेतून होतात. तिचा अर्ज कधी आणि कसा भरावयाचा, हे तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर दिसले पाहिजे. कृषी, परिचर्या, समाजकार्य, मूलभूत विज्ञान ही दुय्यम माणसांची क्षेत्रे नव्हेत.

चौथे, आणि सर्वांत अवघड : खरे बोलावे. नंबर लागण्यासारखा नसेल तर तसे सांगावे. खोटी आशा ही दयाळूपणाची वाटली तरी तिची किंमत तो बाप जमिनीच्या तुकड्याने देतो आणि मुलगा वयाच्या दोन वर्षांनी. मात्र खरे सांगताना ते अपुरे सांगू नये. ‘नाही लागणार’ हा यादीचा निर्णय आहे, मुलाच्या योग्यतेचा नव्हे, हे त्याच बैठकीत, मुलाच्या देखत सांगितले पाहिजे. अपयशाने खचलेल्या मुलांच्या ज्या बातम्या निकालानंतर वाचावयास मिळतात, त्या पाहता हे वाक्य औपचारिक नाही. पस्तीस जणांमागे एकच सरकारी जागा ठेवणाऱ्या व्यवस्थेत चौतीस जण नालायक असू शकत नाहीत.

म्हणून पुढच्या जूनमध्ये जेव्हा ती छापील प्रत समोर येईल, तेव्हा कार्यकर्त्याने ती हातात घ्यावी, बाकावर बसून शेवटपर्यंत वाचावी, गतवर्षीची यादी उघडावी आणि उत्तर द्यावे. नंबर लागणार असेल तर कागद पूर्ण करून द्यावेत. लागणार नसेल तर दुसरी दारे दाखवावीत. आणि दोन्ही वेळा त्या बापाला सांगावे की, परंड्याच्या मुलीसाठी दार किती उघडे ठेवावयाचे हे नियम करणारे ठरवतात, आणि नियम करणाऱ्यांना बदलणे हे त्याच्या हातात आहे. हिशेब नीट समजावून दिलेला माणूसच हे दुसरे बोलणे ऐकून घेईल.